पुण्यातली लग्नाबाहेरची मुलं आणि त्यांच्या आया : कागद कुठे मिळतात, वाचायचे कसे?

पेठकरीण

नमस्कार मंडळी. पेठेतल्या वाचनालयासाठी सहा फलकांचं छोटं प्रदर्शन करतोय. विषय शीर्षकातला, काळ उत्तर पेशवाई ते साधारण १९८०. मजकूर जमवताना पुढच्या गोष्टींवर गाडी अडली आहे.

जो तो जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहापाशी येऊन थांबतो. त्यातही वर्ष कुठे १८५३, कुठे १८६३. काशीबाई एका लेखात काळ्या पाण्यावर जाते आणि दुसऱ्या लेखात फुल्यांच्या दत्तक मुलाची, यशवंतची, आई असते. खरं काय?

हा फक्त ब्राह्मण विधवांचा प्रश्न होता का? बाकीच्या जातींत अशा मुलाचं काय व्हायचं?

कायद्याने या मुलाला बापाकडून काही मिळत होतं का? आणि आईला?

आणि मुख्य म्हणजे, नावानिशी नको, पण अस्सल कागद दाखवायचे आहेत. पुण्यात ते कुठे बघायचे? मोडी वाचणारी एक मैत्रीण सोबत आहे. फलकावर 'अनौरस' लिहायचं की आणखी काही, यावरूनही आमच्यात दोन तट पडलेत.

फुकटचे उमाळे नकोत, माहिती हवी आहे.

---

रुमालवाला

आधी काशीबाईचं निस्तरू. काशीबाई दोन आहेत. पहिली जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेली तरुण ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्यापासून दिवस गेले, पाडायचे उपाय फसले, त्याने हात वर केले, आणि तिने जन्मलेलं मूल मारून विहिरीत टाकलं. पुण्यात खटला होऊन तिला जन्मठेप, काळं पाणी. ही हकीकत जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवली आहे, ४ डिसेंबर १८८४ च्या इंग्रजी टिपणात. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली होती, त्यावरचा तो अभिप्राय. दुसरी काशीबाई १८७४ साली फुल्यांच्या गृहात बाळंत झाली, आणि तिचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. अकरा वर्षांपूर्वी जन्मठेपेवर गेलेली बाई पुण्यात बाळंत कशी होईल? एवढा हिशेब केला तरी घोळ मिटतो.

वर्ष १८६३ धरा. गृह निघालं ते या खटल्याच्या धक्क्यातून, त्यामुळे १८५३ जुळत नाही. जाहिरातीचा म्हणून जो मजकूर सगळीकडे फिरतो तो अवतरणचिन्हांत टाकू नका, आशय द्या : विधवांनी इथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, हे त्यांच्या मर्जीवर. जाहिराती लावल्या त्या ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्यांवर. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्याच टिपणात एक आकडा आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रदर्शनातला तो सर्वांत मोठ्या अक्षरांतला मजकूर असायला हवा. या घरात ३५ गर्भार विधवा आल्या, बाळंत झाल्या; मुलं जगली ५, गेली ३०. कारणही ते देतात : दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधं पोटातल्या जिवाला बाधली. म्हणजे बाई इथे पोचायची ती बाकीचे सगळे उपाय करून झाल्यावर. सातातलं एक जगलं. आपण गृहाचं कौतुक करतो आणि हा आकडा गाळतो, हे मला नेहमी खटकतं.

पुण्यावरच थांबू नका. १८७५ साली पंढरपूरला असंच गृह निघालं. तिथे सबजज्ज असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी आणि प्रार्थना समाज यांचं ते काम, पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखलं गेलं. पंढरपूरच का? कारण 'यात्रेला पाठवली' हे सांगायला सोपं. सोवळी बाई चार-पाच महिने क्षेत्राच्या ठिकाणी राहिली तर शेजारी तोंड उघडत नाहीत. या मुलांचा नकाशा काढायचा तर पेठांइतकाच क्षेत्रांचाही काढावा लागतो.

आता कागद. एक गोष्ट मनाशी पक्की करा : लग्नाबाहेरचं मूल कागदावर येतं ते दोनच वाटांनी, गुन्हा म्हणून किंवा वाटेकरी म्हणून. ज्याच्यावर खटला झाला नाही आणि ज्याने इस्टेट मागितली नाही, ते जवळजवळ दिसतच नाही. म्हणून शोधताना 'मूल' शोधू नका, पैसा आणि शिक्षा शोधा.

पेशवे दप्तरात (पुणे पुराभिलेखागार) रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. तिथे जमाखर्चात 'शिंदळकी', 'बदअमल', 'गुन्हेगारी' या नावांनी दंडाची जमा दिसते. व्यभिचार हे सरकारचं उत्पन्नाचं कलम होतं. पुरुष बहुधा दंड भरून सुटायचा. बाईकडे पैसा नसला की तिला सरकारात कुणबीण, म्हणजे गुलाम दासी, म्हणून धरत. कुणबिणीचं मूल आईच्या दर्जाने मोजायचे, म्हणजे तेही धन्याचं. त्यांच्यासाठी 'लेकवळे' हा शब्द येतो. त्यामुळे कोठ्यांचे, पागांचे आणि सरकारी वाड्यांचे कुणबिणींचे तपशील, शिधा-कापडाचे हिशेब नक्की बघा. आईला लुगडं आणि पोराला खण किंवा अंगरख्याचं कापड अशी ओळ सापडली तर ती फलकावर लावण्यासारखी.

तारखा नीट काढा, इथे पुष्कळ जण फसतात. शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो : 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे २ + ७० + १०० + १०००, सन ११७२. यात ५९९ मिळवले की १७७१. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं. कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७७२. फसलीला ५९० चं गणित. तुमच्या मैत्रिणीला मोडी येतं म्हणजे हे येतच असं धरू नका, ही वेगळी सवय आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात कुणाला तरी एकदा दाखवून घ्या.

एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यांसाठी गाव नमुना १४, बोली नाव कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपायचा, ती पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात. कुणबी नोंदींच्या निमित्ताने हल्ली सगळ्यांना ती माहीत झाली आहेत, तुमच्या कामालाही तीच. बापाचा रकाना रिकामा असेल, किंवा तिथे आईच्या बापाचं नाव असेल, तर थांबा. आजोबाचं नाव बाप म्हणून लागलं की मूल कागदोपत्री आईचा भाऊ होतं. ताडून बघायला एक साधी युक्ती : आजीच्या नावावर चाळिशी उलटल्यावर, आधीच्या अपत्यानंतर दहा-बारा वर्षांनी एकदम मूल दिसतं, आणि घरात वीस-बावीस वर्षांची विधवा लेक आहे. पुरावा नव्हे, शंकेला जागा. शाळेचं जनरल रजिस्टर बघितलं तर बहुधा तीच शंका पुन्हा दिसते, कारण दाखल्यात पालक मामा असतो.

खटल्यांसाठी 'ज्ञानप्रकाश' (१८४९ पासून), नंतर 'दीनबंधू' आणि 'केसरी' चाळा. इंग्रजीत खटल्याचं नाव आरोपीच्या नावाने लागतं, तेव्हा 'सम्राज्ञी विरुद्ध' खाली बाईचं नाव शोधायचं. बापाचं नाव मथळ्यात कधीच नसतं. सुरतेच्या विजयालक्ष्मीचा १८८१ चा खटला याच पठडीतला : सत्र न्यायालयात फाशी, अपिलात जन्मठेप, शेवटी शिक्षा पाच वर्षांवर आली. त्यावर वर्तमानपत्रांनी जो गदारोळ केला त्याला ताराबाई शिंद्यांनी उत्तर दिलं ते १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकातून, आणि ते छापलं पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात. तुमच्या एका फलकाची सोय झाली.

लष्कर भाग विसरू नका. गोऱ्या सोल्जरांची मुलं गावातल्या वहीत नाहीत, ती चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' मालिकेत आहेत. आईचं नाव तिथे बहुधा नुसतं पाळण्यातलं, पुढे-मागे काही नाही.

---

घाटमाथा

चांगली माहिती. पण विधवेचा प्रश्न ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या चार जातींचाच. बाकी सगळीकडे पाट होता, मोहतूर होता. विधवेला दुसरा दादला करता येत होता, मग लपवायचं काय?

---

रुमालवाला

@घाटमाथा, अर्धं बरोबर. पाटाने विधवेची सोय झाली, पण पाट लावायला जातीची आणि सासरची संमती लागायची, मधे पैशाची देवघेव असायची. पहिल्या नवऱ्याची मुलं सासरी ठेवून जावं लागे. ते होण्याआधी दिवस गेले तर जातपंचायत दंड घ्यायची, जेवण घ्यायची, मग पंगतीत घ्यायची. मुलाला मात्र बट्टा कायम. 'अकरमासे', 'कडू' हे शब्द ब्राह्मणी पोथीतले नाहीत, गावकुसातले आहेत, आणि सोयरीक जुळवताना पुढच्या कित्येक पिढ्या ते काढले जायचे.

आणि मुरळी? जेजुरी पुणे जिल्ह्यातच. खंडोबाला सोडलेल्या मुलीला लग्न नाही, तिच्या मुलांना बाप नाही. त्यात कायदा यायच्या खूप आधी पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हा विषय घेतला. १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून त्यांनी मुरळी सोडण्याविरुद्ध लिहिलं आणि अशा स्त्रियांशी लग्न करायला तरुणांना पुढे आणलं. मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा आला १९३४ मध्ये. त्यात सोडण्याचा विधी बेकायदा ठरला, आणि अशा स्त्रीने केलेलं लग्न व त्यातली मुलं औरस ठरली. फलक पाडताना हा मधला पंचवीस वर्षांचा काळ सोडून देऊ नका.

---

दिवाणी-फौजदारी

कायद्याचं मी घेतो.

फौजदारी बाजू आधी. १८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू. या विषयात तिची चार दारं : खून (३०२), गर्भपात घडवणं (३१२ ते ३१६), बारा वर्षांखालचं मूल आईबापाने टाकून देणं (३१७, सात वर्षांपर्यंत), आणि प्रेताची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणं (३१८, दोन वर्षांपर्यंत). जुने निकाल वाचताना पाहायचं ते हे : मूल जिवंत जन्मलं होतं हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं का? आलं तर ३०२, नाही आलं तर ३१८. फाशी-जन्मठेप आणि दोन वर्षं यांतलं अंतर या एका मुद्द्यावर. त्यासाठी डॉक्टर अर्भकाची फुप्फुसं पाण्यात टाकून तरंगतात का बघत. तरंगली तर श्वास घेतला होता, असा अर्थ लावायचे. पण प्रेत विहिरीतून तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघालं की कुजण्याच्या वायूनेही फुप्फुसं तरंगतात. म्हणून निकालात 'प्रेत कधी सापडलं' ही ओळ आधी शोधा. दुसरा पुरावा आईच्या अंगाचा : छातीला दूध आहे का, हे सुईण किंवा सिव्हिल सर्जन तपासणार. बापाची तपासणी असा प्रकारच नव्हता. तो साक्षीदार म्हणूनही क्वचित येतो.

आता ही कलमं भारतीय न्याय संहितेत ९३ (टाकून देणं) आणि ९४ (जन्म लपवणं) झाली, १ जुलै २०२४ पासून. शब्दरचना जवळपास तीच.

दिवाणी बाजू जास्त गुंतागुंतीची. शास्त्रानुसार त्रैवर्णिकाच्या (ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य) दासीपुत्राला, म्हणजे ठेवलेल्या बाईच्या मुलाला, फक्त अन्नवस्त्र. शूद्राच्या दासीपुत्राला मात्र वाटा, औरस भावाच्या तुलनेत कमी, पण वाटा. अट अशी की आई त्या पुरुषाशी कायम आणि एकनिष्ठ राहिलेली हवी, आणि संबंध व्यभिचाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या बायकोशी, नसावा. आता गंमत बघा. एखाद्या मराठा देशमुखाचं घर क्षत्रिय की शूद्र, हा वाद इंग्रजी कोर्टात इतक्या हिरिरीने का लढला गेला? कारण क्षत्रिय ठरलं की ठेवलेल्या बाईच्या मुलाचा वाटा उडाला. एरवी शूद्र म्हणवून घ्यायला कोण तयार होतं! वंशावळी, शहाण्णव कुळींची यादी, मुंजीचे दाखले हे सगळं या दाव्यांत पुरावा म्हणून येतं. हे दावे सापडले तर आईची जबानी वाचा. ती कुठे राहायची, कोण किराणा भरायचं, सणाला पातळ कुणी आणायचं, हे सगळं तिला 'एकनिष्ठा' सिद्ध करण्यासाठी सांगावं लागायचं. घरातल्या बाईचं इतकं बारीक वर्णन दुसऱ्या कुठल्या कागदात मिळत नाही.

आईलाही हक्क होता. पुरुषाच्या मरणापर्यंत त्याच्याकडे राहिलेली 'अवरुद्ध स्त्री' त्याच्या इस्टेटीतून पोटगी मागू शकायची. मुंबईच्या एका दाव्यात (बाई नागूबाई वि. बाई मोंघीबाई) प्रिव्ही कौन्सिलने (लंडनचं तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) १९२६ मध्ये हे मान्य केलं, ती घरातच राहिली पाहिजे असंही नाही म्हटलं. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने हा हक्क गेला. आश्रितांच्या यादीत अज्ञान अनौरस मुलगा आणि अविवाहित अनौरस मुलगी राहिली, आई गळाली. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याने अनौरस मुलांचं नातं आईशी आणि एकमेकांशी धरलं, बापाशी नाही. म्हणजे शूद्राच्या दासीपुत्राला शास्त्राने दिलेला वाटा 'प्रगत' कायद्याने काढून घेतला. सुधारणेची रेघ सरळ वर जाते असं फलकावर दाखवू नका.

तिसरा प्रकार लोक विसरतात : दुसऱ्या बायकोची मुलं. मुंबई इलाख्यात हिंदूंचं दुसरं लग्न १९४६ च्या कायद्याने रद्दबातल झालं, बाकी बहुतेक देशात १९५५ ला. पण गावोगाव दुसरी लग्नं होतच राहिली, हळद लागली, मांडव पडले, आणि त्यातली मुलं कायद्याने अनौरस. १९५५ च्या कलम १६ ने त्यांना औरस म्हटलं, पण कोर्टाने लग्न रद्द ठरवण्याचा हुकूम दिला असेल तरच. हुकूम आणायला कोण जातंय? १९७६ च्या दुरुस्तीने ती अट काढली. वाटा मात्र आईबापांच्या मिळकतीपुरता. वडिलोपार्जितात काय, हे १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने रेवणसिद्दप्पा प्रकरणात सांगितलं : बापाच्या वाट्याला काल्पनिक वाटपात जे येईल, त्यात या मुलांचा हिस्सा. पुणे जिल्ह्यातल्या सातबाऱ्यांवर वारसाची नोंद अडते ती अनेकदा यातूनच. कुमारी मातेच्या मुलापेक्षा हा प्रकार संख्येने कितीतरी मोठा असावा.

पोटगी : मॅजिस्ट्रेटकडून अनौरस मुलाला दरमहा पोटगी मिळण्याची तरतूद जुनी आहे. १८९८ च्या संहितेत ती कलम ४८८. कमाल ५० रुपये, १९२३ पासून १००, १९५५ पासून ५००. १९७३ च्या संहितेत कलम १२५, ५०० ची मर्यादा तशीच, ती उठली २००१ मध्ये. आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. मूल बापाचं हे सिद्ध केलं की झालं, आईशी लग्न झालं होतं का हे विचारत नाहीत. अविवाहित आईला स्वतःसाठी मात्र या कलमात काही नाही. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती देणी झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, आणि बायका इथेच हरतात : बाप सहा महिने देतो, मग बंद, मग आशेवर दीड वर्ष जातं, आणि जुनी रक्कम बुडते.

आणि एक खुंटी लक्षात ठेवा. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ (आता साक्ष्य अधिनियमाचं ११६) : लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचं औरस, जोवर नवरा-बायकोचा संबंधच शक्य नव्हता हे सिद्ध होत नाही. म्हणून सवाष्ण बाईचं 'तसलं' मूल कागदावर कधी येतच नाही, आणि विधवेच्या बाबतीत दीर-जावा दिवस मोजत बसतात.

---

पाळणाघर नव्हे

दत्तकाचा भाग राहिला, तो जोडते.

यशवंतच्या बाबतीत सगळे 'दत्तक घेतला' लिहून मोकळे होतात. पण त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक मुलगा सजातीय लागायचा, आणि हातात देणारा आईबापांपैकीच कुणीतरी लागायचा. ब्राह्मण विधवेचा मुलगा माळ्याच्या घरी, हे कोर्टात टिकलं असतंच असं नाही. जोतीरावांनी १० जुलै १८८७ ला नोंदणी केलेल्या मृत्युपत्राने यशवंतला वारस केलं, ते या नजरेने वाचा. दत्तक मोडला तरी मृत्युपत्राने मिळकत त्याच्याकडे जाते. भाऊबंदांचा विरोध अंत्यविधीपर्यंत टिकला. १८९० मध्ये टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं.

देणारा हवा, या नियमाने टाकलेल्या मुलांचं फार नुकसान केलं. उकिरड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेल्या मुलाला देणार कोण? १९५६ च्या कायद्यातही तेच. १९६२ च्या दुरुस्तीने आईबाप माहीत नसलेलं किंवा टाकलेलं मूल कोर्टाच्या परवानगीने पालक, म्हणजे व्यवहारात संस्थाचालक, देऊ शकू लागले. त्याआधीची अनाथाश्रमातली 'दत्तक' मुलं कागदोपत्री नुसती सांभाळायला दिलेली असतात. त्यामुळे १९५० च्या दशकातलं दत्तकपत्र शोधून हाती काही लागलं नाही तर आश्चर्य मानू नका, संस्थेची आवक-जावक वही मागा.

पुण्याच्या संस्थांचे टप्पे तीन दिसतात. पहिला विधवाश्रमांचा. कर्व्यांची हिंगण्याची संस्था विधवांच्या शिक्षणाची, गर्भार बाईची नव्हे. हे दोन विषय एकाच फलकावर घालू नका. पंडिता रमाबाईंच्या केडगावला मात्र 'कृपासदन' हा वेगळा विभाग होता, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी. दुसरा टप्पा हॉस्पिटलचा : ससूनला जोडून १९६४ मध्ये मित्रमंडळ स्थापन झालं आणि १९७३ मध्ये टाकलेल्या बाळांसाठी 'श्रीवत्स' निघालं. बाळंतपण घराबाहेर, हॉस्पिटलात येऊ लागल्यावर मूल विहिरीऐवजी वॉर्डात राहू लागलं, हा या शतकातला सर्वांत मोठा बदल. तिसरा टप्पा दत्तक संस्थांचा, भारतीय समाज सेवा केंद्र १९७९ चं. मधे गर्भपाताचा कायदा आला (१९७१, अंमल १ एप्रिल १९७२). त्यात गर्भनिरोधक साधन निकामी झाल्याची सवलत 'विवाहित स्त्री व तिचा पती' यांनाच होती, ते शब्द २०२१ मध्ये बदलले.

आजची पद्धत फलकावर द्यायची तर नेमकी द्या. मूल देऊ पाहणाऱ्या आईचं समुपदेशन होतं, मग ती बालकल्याण समितीपुढे समर्पणपत्र करते. लग्न झालेलं नसेल तर एकट्या आईची सही. त्यानंतर ६० दिवस तिला मूल परत मागता येतं. मुदत संपली की मूल दत्तकासाठी मोकळं. आईऐवजी तिचे आईवडील मूल आणून देऊ लागले तर ते समर्पण धरत नाहीत, 'टाकलेलं' धरतात आणि सगळी चौकशी लागते. सर्वांत जास्त घोळ होतो तो हॉस्पिटलच्या केसपेपरने. लाजेपोटी तिथे काल्पनिक नवऱ्याचं नाव घातलं की मूल विवाहित जोडप्याचं ठरतं आणि दोघांच्या सह्या मागतात. नसलेला माणूस कुठून आणायचा? आई अठराच्या आतली असेल तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) पोलिसांना कळवणं हॉस्पिटलला बंधनकारक, हे आधी माहीत नसलं की घरचे तिला सातव्या-आठव्या महिन्यात हॉस्पिटलातून काढून नेतात.

मोठं झाल्यावर मूळ शोधायचा हक्क मुलाला आहे, अठरानंतर स्वतःच्या अर्जाने. पण आईने समर्पण करताना नाव उघड करायला नकार दिला असेल, तर त्याला कारण आणि परिस्थिती सांगतात, ओळख नाही. तिऱ्हाइताला काहीच मिळत नाही. म्हणजे संस्थांच्या फायली तुमच्या प्रदर्शनाला मिळणार नाहीत, आणि मिळू नयेत. मुलाची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं.

---

पेठकरीण

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सहाचे आठ फलक करावे लागणार. दोनच शंका. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी दाखवतानाही नावं झाकायची का? आणि शेवटच्या फलकावर बापाच्या रकान्याचं आज काय होतं ते द्यायचं आहे.

---

दिवाणी-फौजदारी

नावं : छापील निकाल आणि वर्तमानपत्रं सार्वजनिक आहेत, तिथली द्यायला कायद्याची हरकत नाही. कोतवाल बुकाच्या नोंदीत मात्र नाव, आडनाव आणि गावही झाका. गाव आणि आडनाव दिलं की त्या भावकीला घर कोणतं ते लगेच कळतं, आणि त्यांची सोयरीक अजून त्याच पंचक्रोशीत होते. शब्दांचं म्हणाल तर 'अनौरस' फक्त कायद्याच्या फलकावर, अवतरणचिन्हांत. बाकी ठिकाणी 'लग्नाबाहेर जन्मलेलं मूल'.

रकाना : ६ जुलै २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचं नाव सांगण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यायचा. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून एका पालकाचं नाव पुरतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांचं नाव न लावता मूल आणि आई असंही चालतं. खिडकीवर अडतं ते संगणकावरच्या अर्जात. वडिलांचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, मग कारकून 'काहीतरी टाका' म्हणतो. टाकू नका. एकदा शाळेच्या दाखल्यावर चुकीचं नाव चढलं की ते काढायला दहावीच्या आधीच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. शाळा सुटल्यावर तेच काम कितीतरी पटींनी अवघड. निबंधकाला प्रतिज्ञापत्र आणि २०१५ च्या निकालाची प्रत लेखी अर्जासोबत द्या, आणि पोच घ्या. तोंडी नकाराला अपील करता येत नाही.